मिस्त्रीने गिअर वर का नेला

आमच्या गॅरेजांच्या गल्लीत कुजबूज होती, की मिस्त्री आपला जुना ट्रक ऑटोमॅटिक करतोय तो एका बाईला खेटून बसवता यावं म्हणून. बायको दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली आणि याला साठीत पालवी फुटलीय. तिखटमीठ लावायला अर्थात मी होतोच.

संशयाचं मूळ एक उशी. चाळीस वर्षं क्लचवर पाय झिजवलेला हा माणूस ऑटोमॅटिकवाल्यांना 'पाळण्यातले ड्रायव्हर' म्हणायचा. आता त्यानेच जुना गिअरबॉक्स उतरवला होता आणि नव्याचा दांडा कुठला घ्यावा हे ठरवायला सीटवर उशी ठेवून टेप लावत बसला होता.

सुटे भाग विकणारा त्याचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ, दोन दांडे घेऊन आला.

"हा खाली फ्लोअरला बसतो. दोन तासांचं काम."

मिस्त्रीने तो धरून पाहिला. दांड्याची मूठ नेमकी उशीवर आली.

"नको. स्टिअरिंगखालचा दे."

"त्याची गिअरबॉक्सपर्यंत जाणारी जोडदांडी सायलेन्सरच्या पाइपला घासेल, भावजी. आठवडा जाईल."

"जाऊ दे."

"उशी कोणासाठी?"

मिस्त्री पाना पुसत राहिला.

"गल्ली काय बोलते, ऐकलंत?"

"गल्लीला दुसरा उद्योग काय," म्हणत त्याने माझ्याकडे पाहिलं. मी कपात तोंड घातलं.

"मग रविवारी ताईला मी माझ्या घरी नेतो. तुम्ही बसा उशी घेऊन."

मिस्त्रीचा हात थांबला. "शनिवारपर्यंत थांब." एका वाक्यात भागलं असतं. पण घरातलं दुखणं गल्लीत मांडायचं नाही, हा त्याचा हेका.

आठवडाभर तो ट्रकखाली उताणा होता. जोडदांडी तीनदा वाकवली, तरी पार्किंगला टाकलेला गिअर रिव्हर्समध्येच अडकायचा. शुक्रवारी जमलं.

शनिवारी सकाळी ट्रक गल्लीतून निघाला. सगळे दारात, मी सर्वांत पुढे. मेहुणाही होता. त्याने आत पाहिलं आणि ताईला न्यायची गोष्ट पुन्हा काढली नाही. अशा नऊ फेऱ्या झाल्या. दहावी झाली नाही.

सीटवर बाई होती, हे खरं. ती त्याची बायको होती. तिला बसवत नव्हतं, म्हणून उशीवर, आता क्लचसाठी न हलणाऱ्या आपल्या मांडीशी तिचं डोकं ठेवून, आडवी झोपवून तो तिला इस्पितळात नेत होता.