डब्यातली गोळी

माझी जीभ तिखट. कासारवाडीच्या आमच्या दोन खोल्यांत माझ्यापुढे बोलायची कुणाची टाप नव्हती, धाकट्या भावाची तर नाहीच. आईवडील लवकर गेले. मीच त्याला वाढवलं, आयटीआय करायला लावलं, आणि एकोणीसशे सत्तरच्या आसपास तो चिंचवडच्या एका कारखान्यात लेथवर लागला. नोकरी अजून टेंपरवारी होती. कायमचा कागद हातात पडेपर्यंत शिंकसुद्धा हळू द्यायची, अशी आमची गत.

आणि नेमका तेव्हाच तो बिघडला. झोप उडाली. घरी जेवताना मध्येच थांबून म्हणायचा, "अक्का, कुणाचं तरी मशीन चालूच राहिलंय बघ." मशीन कुठलं, कारखाना दोन मैलांवर! शेजारणीने लिंबू उतरवून टाकलं. मामा म्हणाले, "लग्न लावून दे, चार दिवसांत ताळ्यावर येतो." फोरमन म्हणाला, "काम चोख आहे त्याचं, कसला आजार अन् कसलं काय!" पुण्याच्या डॉक्टरांनी कागदावर इंग्रजीत लांबलचक नाव लिहिलं आणि गोळ्या दिल्या. तो स्वतः एवढंच म्हणायचा, "मला आजार नाही गं. मला फक्त ऐकू येतं." यातलं खरं कुणाचं, ते मला आजही सांगता येणार नाही.

गोळ्या त्याने चार दिवस घेतल्या, मग साफ नकार. "हात जड होतात अक्का. माप चुकतं. त्यापेक्षा आवाज परवडला."

मी पाया पडले, शिव्या घातल्या, दोन दिवस जेवले नाही. ढिम्म. मग मी शहाणपणा केला. शहाणपणा कसला, माती खाल्ली! गोळी खलबत्त्यात कुटायची आणि त्याच्या डब्यातल्या भाजीत कालवायची. गोळी कडू, म्हणून भाजी कारल्याची नाहीतर मेथीची. घरी आम्ही एकाच भांड्यातलं खायचो, पण डबा त्याच्या एकट्याचा, अशी माझी समजूत. कारखान्यात कुणाचाच डबा एकट्याचा नसतो, हे मला कुठून ठाऊक? चारसहा जण गोल बसतात, डबे मध्ये ठेवतात, कुणीही कुणाचंही उचलतं.

महिन्याभराने त्याच्या खात्यातला फिटर घरी आला. चाकणकडचा मुसलमान, भावाचा जिवलग. बसायला सांगितलं तरी दारातच उभा राहिला.

"अक्का, राग नका मानू. तुमचा भाऊ डबा घेऊन एकलाच मशिनमागं बसतोय. आमाला हात लावू देत न्हाई. म्हनतो, ह्यात कायतरी घातलेलं असतं. मी खातो, तुमी खाऊ नका, तुमाला पोरंबाळं हायेत."

म्हणजे त्याला कळत होतं. कळत होतं, तरी रोज डबा चाटूनपुसून रिकामा आणत होता. चहा टाकायच्या निमित्ताने मी आत गेले आणि पदर तोंडात कोंबून रडले. आणि बाहेर येऊन म्हणाले काय, तर, "डोक्यात काहीतरी भरलंय त्याच्या, दुसरं काय!"

ती गोष्ट खात्यात पसरली. डब्यात विष आहे म्हणतो, असा माणूस लेथवर कोण उभा करणार? फोरमनने त्याला घरी पाठवलं. आम्ही परत पुण्याला डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी विचारलं, तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला, "माझ्या जेवणात काहीतरी घालतात."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "घालतं का हो कुणी?"

भाऊही माझ्याकडे बघत होता. खरं बोलले तर हा पुन्हा माझ्या हातचं खाणार नाही, उपाशी मरेल, एवढंच माझ्या मनात आलं.

"नाही हो," मी म्हणाले. "मीच तर करते स्वयंपाक."

डॉक्टरांनी मान हलवली, तेही लिहून घेतलं आणि त्याला इस्पितळात ठेवून घेतलं. पाच महिने. नोकरी गेलीच.

परत आला तो वेगळाच. ऊठ म्हटलं की उठायचा, बस म्हटलं की बसायचा. गोळी दिली की मुकाट घ्यायचा. लोक म्हणायचे, सुधारला हो तुमचा भाऊ. मला ते ऐकून कुणाच्या तरी थोबाडीत मारावीशी वाटायची, बहुतेक माझ्याच.

सातआठ वर्षं मी ते पोटात ठेवलं. एका दुपारी तांदूळ निवडता निवडता बोलून गेले, "ती गोळी मीच घालत होते रे."

"माहीत होतं की," तो म्हणाला. "पहिल्याच दिवशी चव कळली. तुझ्याशिवाय कोण घालणार? पण चारचौघांत तुझं नाव कसं घ्यायचं, म्हणून घेतलं नाही."

"मग डॉक्टरांपुढे तरी माझं नाव का नाही घेतलंस?"

"तूच नाही म्हणालीस ना. म्हटलं, अक्का माझ्याशी खोटं बोलायची नाही. म्हणजे माझंच डोकं फिरलंय. तेव्हापासून मला काय वाटतं, ते मी बघतच नाही."