पाहुण्यांना त्रास देऊ नका

तांदूळ कितीही जपून मोजा, दिवसभरात दुकानात थोडा सांडतोच. संध्याकाळी झाडू मारला की सूपभर निघतो. किस्स्यांचंही तसंच आहे बाप्पा! माझं किराणा दुकान एकोडीच्या रस्त्यावर, तलावाकडे वळायच्या फाट्यावर. समोर बाकडं एकच. पण त्यावर बसून गेलेल्यांनी इतकं सांडून ठेवलंय, की आता झाडून काढलंच पाहिजे.

आधी तलावाचं सांगतो. हिवाळ्यात आमच्याकडे पार हिमालयापलीकडून मोठे हंस येतात. पांढरं डोकं, त्यावर दोन काळे पट्टे. नागपूरची मंडळी पुस्तकात बघून 'पट्टकादंब' म्हणतात. आम्ही नुसतं 'पाहुणे' म्हणतो. "आले काय पाहुणे?" असं कोणी विचारलं, की समजायचं थंडी आली.

या पाहुण्यांचा यजमान म्हणजे आमचा बारकूभाऊ धीवर. तलावात डोंगा, म्हणजे छोटी लाकडी होडी, घालतो, मासे धरतो, सकाळी माझ्या बाकड्यावर चहा पितो. त्याच्या बापापासूनची रीत अशी, की उगवतीकडच्या ज्या कोनात पाहुणे उतरतात, तिथे थंडीभर जाळं टाकायचं नाही. मासे नेमके तिथेच जास्त!

त्याची बायको गिरजाबाई मला ऐकवते, "सेठ, माह्या माहेरचे आले तर हा घरी सापडत नाही. अन् पाखरांसाठी कोन राखून बसते!"

*

मोबाईलवर फोटो फिरले, तशा गाड्या येऊ लागल्या. तलावाची समिती झाली. 'जबाबदार पर्यटन' हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

बारकूभाऊ समितीत गेला आणि म्हणाला, "बोर्ड लावा ना साहेब. पाहुण्यांना त्रास देऊ नका म्हणून."

समितीला वाक्य फार आवडलं. पेंटर बोलावला. त्याने अक्षरं झकास काढली, पण खाली जो हंस काढला तो हुबेहूब कोंबडीसारखा! बोर्ड फाट्यावर लागला, आणि गाडीवाले काच खाली करून मला विचारू लागले, "पाहुणचाराची व्यवस्था कुठे आहे? गावरानच ना?"

महिन्याभरात बोर्डाच्या शेजारी चुलीवरच्या कोंबडीचा धाबा उघडला. जोरात चालतो!

*

एकदा सायकल रॅली आली. 'धूर नको, निसर्ग हवा' असे टी-शर्ट. सायकली आल्या ट्रकमधून, माणसं आली एसी बसमधून. माझ्या दुकानापुढे सायकली उतरवल्या आणि मंडळी पायडल मारत तलावावर गेली. बस मागे, ट्रक बसच्या मागे. तिथेही बसचं इंजिन चालूच. परत आल्यावर गार हवा पाहिजे ना!

बारकूभाऊ बराच वेळ बघत होता. मग एकाला अगदी आपुलकीने म्हणाला, "साहेब, सायकली एवढ्या दुरून आल्या. थकल्या असतील हो!"

*

तलावाच्या काठाला रिकाम्या बाटल्या तरंगू लागल्या. बाटल्या मीच विकत होतो, म्हणून दुकानापुढे मडकं ठेवलं. वाळ्याचं पाणी, वर स्टीलचा पेला, फुकट.

एक मॅडम गाडीतून उतरल्या. मडकं बघून एकदम खूश. "वॉव! किती सस्टेनेबल!" मडक्याचे पाच-सहा फोटो काढले, एक मडक्याला टेकून. मग म्हणाल्या, "भाऊ, दोन बाटल्या द्या. चिल्ड."

मी म्हणालो, "मडक्यातलं घ्या ना ताई."

"नको हो, पोटाचा प्रॉब्लेम होतो. पण मडकं काढू नका हं! छान दिसतं."

*

एका कंपनीची माणसं भर उन्हाळ्यात आली. गाडीने जितका धूर केला, तितकी झाडं लावून जायची असा त्यांचा नियम. मला नियम आवडला. पण जागा निवडली तलावाचं पाणी आटून उघडा पडलेला गाळ! तिथे खड्डा लवकर होतो ना.

बारकूभाऊ म्हणाला, "साहेब, इथं पावसाळ्यात डोंगा चालते माहा."

साहेब म्हणाले, "काका, निगेटिव्ह बोलू नका."

झाडं लागली. प्रत्येक झाडाला नावाची पाटी. त्यातल्या एका बाईंनी माझा नंबर घेऊन ठेवला होता. ऐन श्रावणात फोन आला. "सेठजी, माझं झाड कसं आहे?"

खोटं कसं बोलायचं? मी म्हणालो, "पाण्यात आहे."

"थँक गॉड!" त्या म्हणाल्या. "मला काळजी होती, पाणी घालायला कोणी असेल की नाही!"

*

आता हसू येत नाही असा एक.

मागच्या थंडीत पाहुणे बोटावर मोजण्याइतके आले. त्याच दिवसांत पुण्याकडची एक टीम फिल्म करायला आली. विषय होता, 'पक्ष्यांपासून लांब राहा'. माणसंही सज्जन. जोरात बोलत नव्हती, कचरा पिशवीत भरत होती. बारकूभाऊला वाटलं, चला, आपलं ऐकणारं कोणीतरी आलं. त्याने स्वतः नेऊन त्यांना कोन दाखवला.

त्यांनी ड्रोन सोडला.

सगळे हंस एकदम उठले. दोन चकरा मारल्या, आणि उत्तरेकडे निघून गेले. डायरेक्टर आनंदाने ओरडला, "अप्रतिम! काका, अजून एकदा उडतील का?"

बारकूभाऊ आभाळाकडे बघत होता. म्हणाला, "आधी उतरू तर द्या."

उतरले नाहीत. त्या थंडीत पुन्हा दिसलेच नाहीत.

*

या थंडीत समितीचा नवा गार्ड आला. शनिवारी बारकूभाऊने डोंगा काढला, तर गार्ड शिट्टी वाजवत धावला. "ए काका! बाहेर निघा! फोटोत डोंगा येऊन राहिला, नागपूरचे लोक कंप्लेंट करून राहिले. बोर्ड वाचता येत नाही का? पाहुण्यांना त्रास देऊ नका!"

बारकूभाऊ म्हणाला, "अरे बाप्पा, तो बोर्ड म्याच लावाले सांगतला!"

तेव्हापासून शनिवार-रविवार डोंगा काठावर. राहिले बाकीचे वार. आणि पाहुण्यांचा अजून पत्ता नाही. दिवाळी गेली, संक्रांत गेली, कोन रिकामाच. घरात खायचे वांधे, तरी हा तिथे जाळं टाकेना.

शेवटी गिरजाबाई दुकानात येऊन रडली. "सेठ, तुमचं ऐकते तो. सांगा ना त्याले."

मी बाकड्यावर बसवून सांगितलं, "बारकूभाऊ, आता नाही येत ते. टाक जाळं."

तो म्हणाला, "आपण ताट उचललं, अन् पाहुणा दारात आला तर? तोंड कसं दाखवू, सेठ?"



*

हा शेवटचा. महाशिवरात्र जवळ आली होती, थंडी सरत आली होती. सकाळी बारकूभाऊ बाकड्यावर चहा घेत होता. तलावाकडून आवाज आला. आँग... आँग... आँग.

हातातला कप तिथेच ठेवला त्याने. चपला घालायचं भान नाही. "आले! सेठ, आले!" म्हणत कोनाकडे धावत सुटला. साठीचा माणूस! जाताजाता घराकडे तोंड करून ओरडला, "गिरजे, पाहुणे आले वं!" दुकान उघडं टाकून मीही मागे धावलो.

कोनात पाणी सपाट. पाखरू नाही.

काठावर एक तरुण उभा होता. समोर तिपायीवर मोबाईल, बाजूला दगडावर छोटा स्पीकर. आवाज त्यातून येत होता. आम्हाला बघून त्याने तो घाईघाईने बंद केला. म्हणाला, "सॉरी काका. रीलसाठी लावला होता. पक्षी नव्हते ना, म्हणून मागे आवाज तरी."

मला वाटलं, बारकूभाऊ आता त्याला तलावात ढकलतो.

बारकूभाऊ पाण्याकडे बघत धापा टाकत होता. श्वास जागेवर आल्यावर तो दगडाजवळ खाली बसला, आणि हळूच म्हणाला,

"अजून एकदा लावा ना, साहेब."