अठ्ठाविसाव्या दिवसाची बाटली

दाजींच्या प्रयोगशाळेत मी एका बाटलीचं बूच काढून वास घेतला. "दाजी, तुमच्या समुद्राला वासच नाही हो!" असं म्हणत मागे वळलो, त्यांचा चेहरा पाहिला आणि घाईघाईने बूच परत बसवलं. पण त्याला काय अर्थ! वरातीमागून घोडं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. सव्वीस वर्षं त्यांचं काम एकच. समुद्राचं पाणी बाटलीत काठोकाठ भरायचं, बुडबुडासुद्धा राहू द्यायचा नाही. त्यात एखाद्या कारखान्याचं रसायन थेंबभर घालायचं आणि बाटली अंधाऱ्या कपाटात ठेवायची. पाण्यातल्या जिवाणूंनी रसायन खाल्लं, तर बाटलीतला प्राणवायू घटतो. मध्येच बूच निघालं, की बाहेरची हवा शिरते आणि बाटली बाद. ताई म्हणते, "जिवाणू जेवले का, याची यांना रोज काळजी. मी जेवले का, हे आजवर दोनदा विचारलंय. त्यातही एकदा पाहुणे होते म्हणून."

या खेपेला बाटल्यांत जहाजं धुवायचा साबण होता. त्याचा कारखाना हे प्रयोगशाळेचं शेवटचं उरलेलं गिऱ्हाईक. अठ्ठावीस दिवसांत साबण साठ टक्के विरला तर पुढचं काम मिळणार. नाहीतर महिनाअखेर कुलूप. आणि चोपन्नाव्या वर्षी दाजींना दुसरीकडे कोण घेतंय? आज अठ्ठाविसावा दिवस. त्यासाठी साबणाच्या दोन बाटल्या राखून ठेवल्या होत्या. एक मी हुंगली.

प्रयोगशाळेचे साहेब धावत आले, बाटली बघितली आणि चक्क हसले.

"देव पावला! चाचणी बिघडली म्हणून लिहा. पुन्हा मांडू. महिनाभर तरी दिवे चालू राहतील, मेहुण्यांच्या कृपेने!"

माझी मान ताठ झाली. माझ्या गाढवपणाचं एवढं कौतुक आमच्या घराण्यात कुणी केलं नव्हतं.

"दुसरी बाटली चांगली आहे," दाजी म्हणाले.

"अहो, तीही उघडली म्हणा की!"

"नाही उघडली."

त्यांनी आधी तुलनेची बाटली मोजली. तिच्यात जॅम टिकवायला घालतात तो पदार्थ होता. जॅममध्ये जो कुणाला फिरकू देत नाही, त्याचा या मंडळींनी पार फडशा पाडला होता. म्हणजे जिवाणू जिवंत होते, भुकेलेही होते. मग साबणाची बाटली. दाजींनी मापकाची कांडी बुडवली, आकडा उतरवला, गणित दोनदा केलं. नऊ टक्के. वहीत 'नऊ' लिहून त्यांनी खाली सही केली. साहेब केबिनमध्ये गेले आणि दार लोटून घेतलं.

दाजींनी पांढरा कोट उतरवला. नेहमी खुंटीला लावायचे. आज घडी घालून पिशवीत ठेवला.

रस्त्यात काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणालो, "मनाला लावून घेऊ नका, दाजी. बाटली ती केवढीशी! समुद्र केवढा अफाट, आज ना उद्या पचवेलच की."

"नाही पचवणार."