ब्लाझेनाबाईंचं फाटक

चुलीचा चौथा कोपरा रादिम मास्तरांच्या हातात होता. वजन कुठं पेलायचं हे बाकीच्या तिघांना नीट समजावं, म्हणून त्यांनी हात वर करून दाखवलं. तोच हात. पावणेदोनशे किलोची बीडाची चूल ट्रकचा मागचा दिवा घेऊन ड्रायव्हर व्हीतेकच्या पायाच्या अंगठ्यावर उतरली. त्यानंतर व्हीतेक जे बोलला ते मास्तरांनी त्याला शाळेत शिकवलेलं नव्हतं.

मुलांच्या उन्हाळी छावणीचं सामान जंगलातून परत आणायचा तो दिवस होता. हिवाळ्यात समितीनं ठराव केला: चूल यापुढं हातानं उचलायची नाही, छावणीला गॅस घ्यायचा. बावीस उन्हाळे त्या चुलीवर आलुबुखारे भरलेले उंडे उकडणाऱ्या ब्लाझेनाबाई म्हणाल्या, "मग गॅसवर तुमचं तुम्हीच शिजवा." आणि टोपी घालून घरी गेल्या.

मास्तरांना घास गोड लागेना. एका हातवाऱ्यापायी गावाची स्वयंपाकीण गेली होती. वसंतात ते घरच्या आलुबुखाऱ्याच्या दारूची बाटली घेऊन माफी मागायला गेले, तर बाई अंगणात काळा चष्मा लावून वेल्डिंग करत होत्या.

"बाई, मी जरा—"

"बाजूला व्हा मास्तर. उजेड अडतोय."

बाईंची नोकरी रेल्वेच्या फाटकावरची. एकोणतीस वर्षं हँडल फिरवून लाल-पांढरे दांडे वरखाली केले. स्वयंचलित फाटक आलं तेव्हा साहेब निरोपाचं घड्याळ घेऊन आले. बाई म्हणाल्या, "घड्याळ आहे माझ्याकडं. एक दांडा द्या, आणि हँडल." तो दांडा दहा वर्षं घेवड्याच्या वेलाला आधार देत उभा होता. आता त्याच्या पोटाशी जुन्या रुळाचा तुकडा जोडला जात होता.

जूनच्या शेवटच्या शनिवारी समिती अंगणात जमली. अट एकच: चुलीला माणसाचा हात न लागता ती ट्रकमध्ये गेली तर चूल, नाहीतर गॅस. व्हीतेक ट्रकच्या टपावर बसला होता, पाय वर घेऊन.

अंगणात उंच खांब, त्यावर आडवा दांडा, खाली खांबाला हँडल. आखूड टोकाला साखळीनं बांधलेली चूल, लांब टोकाला रिकामा लोखंडी पाळणा.

"दांड्याच्या टोकाला असायचं ते रेल्वेचं वजन कुठंय?" मास्तरांनी विचारलं.

"भंगारात घातलं त्यांनी. बटाटे आणा."

छावणीच्या तीन आठवड्यांच्या बटाट्यांची दोन पोती पाळण्यात चढली. बाईंनी एप्रनला हात पुसले आणि हँडल धरलं. फिरवलं म्हणणं जास्त होईल. दळण दळावं तसं एका हातानं, दुसरा हात कमरेवर. साखळी ताठली. चूल जमिनीवरून बोटभर सुटली, मग वीतभर, मग झाडावरून पिकलेलं फळ कुणीतरी परत फांदीला लावतंय अशा अलगद चालीनं वर गेली. ना कुरकुर, ना हिसका. लांब टोकाचा लाल-पांढरा दांडा खाली येताना पाहून रस्त्यावरून जाणारा एक सायकलस्वार सवयीनं खाली उतरला आणि दोन्हीकडं बघत उभा राहिला.

मास्तर एकोणीस वर्षं फळ्यावर तरफ काढत आले होते. खडूच्या रेषेनं आजवर काही उचललेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. इथं समितीच्या चौघांना न पेललेलं वजन हवेत स्थिर होतं आणि ते धरणारी बाई सदुसष्ट वर्षांची होती, तिला घामही आला नव्हता. मास्तरांनी नकळत टोपी काढली.

"व्हीतेक, मागं घे," बाई म्हणाल्या. त्यानं टपावरून उतरून ट्रक चुलीखाली सरकवला. चूल फळ्यांवर टेकली तेव्हा मांजर खिडकीत बसल्याएवढाही आवाज झाला नाही.

"अजून कुणाला गॅस हवाय?" व्हीतेकनं केबिनमधून समितीला विचारलं. कुणाला नको होता.

खांबाचे दोन तुकडे, दांडा, पाळणा, बटाटे, सगळं ट्रकमध्ये चढलं. मास्तर मात्र जागचे हलेनात. त्यांनी मनातल्या मनात हिशेब दोनदा केला, मग बाईंजवळ जाऊन हळूच म्हणाले, "पण बाई, परत येताना चूल तेवढीच जड असणार. बटाटे तोवर संपलेले. मग समोर वजन कशाचं घालायचं?"

बाईंनी त्यांच्या पोटाकडं पाहिलं.

"खाणाऱ्यांचं."