तीन मिनिटांत शंभर फेऱ्या

वसमतला आमच्या गल्लीत राहणारे चाचा चाळीस वर्षं लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत आले. गेल्या पावसाळ्यात एका शनिवारी सकाळी ते वाद्याची पेटी घेऊन घरी आले. सोमवारी त्यांचे वरचे पुढचे दात काढायचे होते. क्लॅरिनेट त्याच दातांवर टेकते. कवळीवर तसा सूर लागेल याची त्यांना खात्री नव्हती. त्याआधी माझ्याकडच्या एका रेकॉर्डबरोबर एकदा वाजवायचं होतं.

रेकॉर्ड वडिलांची. मुंबईच्या एका पॉप गायिकेनं हॉटेलात वाजवणाऱ्या जॅझवाल्यांना घेऊन केलेली. तिच्या ओळीला क्लॅरिनेट उत्तर देते, ती जागा ऐकायला चाचा तरुणपणी आमच्याकडे यायचे. वाजवायला मात्र वडिलांसमोर लाजायचे. वडील गेल्यावर त्यांचं येणं थांबलं.

मी सुई ठेवली. दुसऱ्याच ओळीला चाचा थांबले.

"भाऊ, हे अर्धा सूर वर चालून राहिलं. या पट्टीत माझी बोटं बसत न्हाईत."

"रेकॉर्ड तीच आहे, चाचा. सूर कसा बदलेल?"

"मंग मी बदललो का?"

"मोजून बघा की," स्वयंपाकघरातून ही म्हणाली. "एरवी शेवग्याच्या शेंगासुद्धा मोजता."

रेकॉर्डच्या मधल्या लेबलवर मी कागदाचा तुकडा चिकटवला आणि घड्याळ समोर ठेवलं. मिनिटाला तेहतीस आणि एक तृतीयांश फेऱ्या, म्हणजे तीन मिनिटांत बरोबर शंभर व्हायला हव्यात. एकशे सहा भरल्या. पुन्हा मोजल्या, तेवढ्याच.

रेकॉर्डखालची फिरती तबकडी उचलून पाहिली. मोटरच्या छोट्या चाकीवर काळी चिकटपट्टी होती. सहा वर्षांपूर्वी पट्टा घसरत होता म्हणून ती मीच गुंडाळली होती. पुढे नवा पट्टा घातला, चिकटपट्टी काढायची राहिली. चाकी जाड झाल्यानं वेग वाढला होता. मी मात्र इतकी वर्षं समजत होतो, बाई जरा घाईतच गाते.

"चूक माझी," मी म्हणालो.

"तुमच्या हिशेबात चूक? लिहून ठेवा कुठं तरी," चाचा म्हणाले.

चिकटपट्टी खरवडून काढली. फेऱ्या शंभर भरल्या. चाचा चार वेळा अडखळले. पाचव्यांदा गायिकेची ओळ संपली आणि तिला रेकॉर्डमधली क्लॅरिनेट उत्तर देते आहे की आमच्या बैठकीतली, हे मला सांगता येईना.

वाद्य पुसून पेटीत ठेवत ते म्हणाले, "आता काढू द्या दात."

"पोहे खाऊन घ्या, चाचा," ही म्हणाली. "शेंगदाणे जास्त घातलेत."

त्यांनी दोन बशा खाल्ल्या.