नागपूरचा कूलर, मुलुंडचा माठ

मी शाळेत विज्ञान शिकवते आणि उरलेल्या वेळात लोकांना हवामान बदल समजावून सांगत फिरते. सोसायट्यांचे हॉल, महिला मंडळं, ज्येष्ठ नागरिक संघ, बोलावलं की जाते. घाटकोपर ते बोरिवली एकही उपनगर सोडलेलं नाही. शाल मिळते, नारळ मिळतो, प्लॅस्टिकच्या ग्लासात कोकम सरबत मिळतं. लोक टाळ्या वाजवतात, मॅडमनी किती सोपं करून सांगितलं म्हणतात, आणि खाली जाऊन गाडीचा एसी सुरू करून बायको येईपर्यंत गाडी तशीच चालू ठेवतात. मला आता या सगळ्याचा राग येत नाही, असं मी सांगत असते. खोटं आहे ते. चांगला डोक्यात जातो.

सोपं करून सांगायची माझी सगळी हुशारी एका माठावर उभी होती, आणि तो माठ माझ्या आईचा होता. आई मुलुंडला दादा-वहिनीकडे राहायची, चौथ्या मजल्यावर. वर थेट गच्ची. आम्ही मूळचे मालवणकडचे. बाबांची गिरणी बंद पडल्यावर मिळालेल्या पैशांतून हे घर घेतलेलं, आणि शेवटचा मजला म्हणूनच ते परवडलं. आई फ्रीजमधलं पाणी कधी प्यायली नाही. दर अक्षय्य तृतीयेला ती दोन माठ आणायची. एक घरासाठी. दुसऱ्यात पाणी भरून, वाळा टाकून, वर आंबा ठेवून तो बाबांच्या नावाने कुणा म्हाताऱ्या माणसाला द्यायची. गेलेल्या माणसाला तिकडे गार पाणी मिळावं, एवढाच हेतू. मी विज्ञानाची बाई, पण त्या दिवशी मुकाट्याने माठाला हळदकुंकू लावायचे.

तर हा माठ मी भाषणात न्यायचे. माठ पाझरतो, ते पाणी हवेत उडून जातं, जाताना उष्णता घेऊन जातं, म्हणून आतलं पाणी गार होतं. आपलं अंगही असंच, घाम म्हणजे आपलं पाझरणं. पण हवेतच आधी वाफ भरलेली असेल तर ती आणखी पाणी घेणार कुठे? आपण शंभर-दीडशे वर्षं कोळसा आणि पेट्रोल जाळलं, त्याचा वायू पृथ्वीवर गोधडीसारखा पसरला. पृथ्वीची उष्णता बाहेर पडायची ती अडकली. समुद्र तापला. तापलेली हवा जास्त वाफ धरून ठेवते, आणि आपण समुद्राच्या कुशीत राहतो. म्हणून मुंबईत नुसता आकडा बघून चालत नाही, आकड्याबरोबर दमटपणा बघायचा. इथे टाळ्या पडायच्या.

हे मला पुस्तकाच्या आधी आईने सांगितलं होतं. एका एप्रिलमध्ये मी गेले तेव्हा तिने भांड्यात पाणी दिलं आणि म्हणाली, "चेडवा, माठ गार झालो नाय आज." मग ते रोजचंच झालं. दिवसभर स्लॅब तापायचा आणि रात्रभर ती उष्णता खाली सोडायचा. पूर्वी संध्याकाळी डोंगराकडून वारा यायचा. त्या बाजूला आता टॉवर आहे.

मी सोसायटीच्या मीटिंगला गेले. गच्चीला पांढरा रंग मारा म्हटलं. ऊन परत फेकलं जाईल, खालची घरं थोडी तरी निवतील, खर्चही फार नाही. सेक्रेटरींनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले की आपली बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणार आहे, पाडायच्या इमारतीला रंग कशाला. ती गेली बारा वर्षं जाणार आहे. पाडायच्या इमारतीत माणसं राहतात, त्यांचं काय, असं मी विचारलं, तर खालच्या मजल्यांवरचे लोक मोबाइल बघायला लागले. सगळ्या जगाची मीटिंग अशीच चालते. वरच्या मजल्यावर कोण राहतं ते एकदा बघून घ्यायचं, आणि पुढचा विषय.

त्यानंतर दादाची नागपूरहून बदली झाली. इतकी वर्षं तो नोकरीसाठी तिकडे एकटा होता. येताना टेम्पोत घालून कूलर घेऊन आला. केवढं ते धूड! आईच्या खोलीत खिडकीशेजारी बसवला, पाणी भरलं, वाळ्याच्या वासाने घर भरून गेलं. आई उकाड्याने हैराण आहे हे त्याला फोनवरून कळत होतं, तिच्यासाठी काहीतरी करायचं त्याच्या मनात होतं. माझा भाऊ वाईट नाही. वाईट असता तर बरं झालं असतं, मला त्याच्यावर धड चिडता तरी आलं असतं.

मी त्याला समजावलं. नागपूरची हवा कोरडी, तिथे कूलरचं पाणी उडून जातं. इथे ते खोलीतच राहणार. त्यातून शेजारची इमारत पाडायला घेतलेली, धूळ नको म्हणून खिडक्या बंद. म्हणजे आई बंद खोलीत, डोक्यावर तापलेला स्लॅब, आणि वरून तिला वाफेत ठेवायचं. दादा हसला. नागपुरात त्याने शेहेचाळीस डिग्री काढली होती, छत्तीस-सदतीसला इथली माणसं एवढी का बोंबलतात ते त्याला कळत नव्हतं. तुझी भाषणं हॉलमध्ये दे, म्हणाला. वहिनीने माझ्याकडे बघितलं आणि चहा टाकायला उठली. मी खिडकी उघडली. मी निघाल्यावर ती परत बंद झाली.

मे महिन्यातल्या एका दुपारी, मधल्या सुट्टीत, आईचा फोन आला. आवाज बारीक झालेला. म्हणाली, "घाम येता गो, पण सुकत नाय. जीव घाबरता."

कूलर बंद कर, खिडक्या उघड, अंग ओल्या फडक्याने पूस आणि पंख्याखाली बस, असं मी सांगितलं. वहिनी कामावर गेलेली, म्हणून शेजारच्या काकूंना हाक मार म्हटलं. ती म्हणाली, "पोरान हौसेन आणल्यान, बंद कसो करू?"

मी दादाला ऑफिसात फोन केला. आज तर छत्तीसच आहे, संध्याकाळी बघतो म्हणाला. मी मुख्याध्यापिकांना सांगून तशीच निघाले. रिक्षा मिळायला वेळ गेला, पुढे रस्ता खणलेला. माझ्याकडच्या किल्लीने दार उघडलं तर आतली हवा तोंडावर आली, कपडे वाफवल्यासारखी. कूलर पूर्ण वेगात चालू होता. आई पलंगावर पडलेली, पदर अंगाला चिकटलेला, उशी ओली. मी खिडक्या उघडल्या, हाका मारल्या, काकू धावत आल्या. डॉक्टर आले तेव्हा काही उरलं नव्हतं.

डॉक्टर म्हणाले हृदय बंद पडलं. पडणारच, शेवटी सगळ्यांचंच पडतं. उकाडा हा शब्द कुणी उच्चारला नाही. वय झालं होतं, सुटली बिचारी, हाल झाले नाहीत, असं दहा दिवस ऐकलं. हाल झाले होते हो. मी ती उशी बघितली होती.

दादाला मी काही बोलले नाही. तो इतका रडत होता की बोलणार काय. आणि मग ते बोलायचं राहूनच गेलं. भाषणं मात्र चालू राहिली. माठाचं उदाहरण मी सोडलं, दुसरं कुठलं तेवढं सोपं सापडलं नाही.

यंदा अक्षय्य तृतीयेला आईचा पहिला माठ. दादाने स्वतः जाऊन चांगला खणखणीत वाजवून आणला. आदल्या संध्याकाळी भरून तिच्याच खोलीत पाटावर ठेवला. सकाळी मी गेले तर वहिनी आंबा धूत होती. माठ ज्यांना द्यायचा ते तळमजल्यावरचे आजोबा येऊन बसलेले. त्यांना उकडू नये, खोली आधीच गार असावी म्हणून दादाने आदल्या रात्रीपासूनच कूलर लावला होता. खिडक्या बंद.

मी माठाला हळदकुंकू लावलं. बोट ओलं झालं. माठ बाहेरून घामाने निथळत होता, खालचा पाट भिजलेला. दादाने आत हात घालून बघितला आणि त्याचा चेहरा पडला. रात्रभर भरलेला असूनही पाणी गार का नाही, माठ फसवा निघाला का, असं त्याने मला विचारलं. वर्षभरात पहिल्यांदा तो मला विज्ञानातलं काही विचारत होता.

मी म्हटलं, "माठ चांगला आहे, दादा. पाझरतोय बघ किती. ह्या खोलीतली हवा त्याचं पाणी घेत नाहीये. आईचंही हेच झालं."

स्वयंपाकघरात वहिनीने नळ बंद केला. आजोबा कूलरकडे तोंड करून बसले होते, त्यांना ऐकू कमी येतं. दादा माझ्याकडे बघत राहिला, मग माठाकडे. त्याला कळलं. मी इतक्या लोकांना शिकवलंय, कळल्याचा चेहरा मी ओळखते.

तो उठून स्वयंपाकघरात गेला, फ्रीजमधून बर्फाचा ट्रे आणला आणि माठात रिकामा केला.

"आता होईल गार," म्हणाला.