पुतळाकाकांचा डावा पाय

खडूची रेघ पुसली ती प्रस्तुत लेखकाने. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे त्याचं खापर दहा दिवस दुसऱ्याच माणसाच्या डोक्यावर फुटत होतं.

संध्याकाळच्या चित्रकलेच्या वर्गात मधोमध एक लाकडी चौथरा होता. त्यावर खुर्ची, खुर्चीत पुतळाकाका आणि भोवती पेन्सिली सरसावून बसलेले वीस जण. एकच पोझ पाच आठवडे चालायची. सुट्टीनंतर काकांना नेमकं पहिल्यासारखं बसता यावं म्हणून मॅडम त्यांच्या दोन्ही पावलांभोवती खडूने रेघ मारून ठेवत. दुसऱ्या आठवड्यात एकदा मधल्या सुट्टीत लेखकाच्या कोपराचा धक्का लागला आणि ब्रश धुवायचं पाणी चौथऱ्यावर सांडलं. त्याने घाईघाईने फडक्याने पुसलं, तर पाण्याबरोबर डाव्या पावलाची रेघही गेली. मग इकडेतिकडे बघून त्याने अंदाजाने नवी काढली. अंदाज चार बोटं चुकला. चित्रकलेत त्याची काय प्रगती होती ते यावरून ओळखावं.

सुट्टी संपली. काका आले आणि इमानेइतबारे रेघेत पाऊल ठेवून बसले. पाच मिनिटांत चहूकडून खोडरबरांचा आवाज सुरू झाला. मॅडमनी लांबून डोळे बारीक केले.

"काका, पाय हललाय तुमचा."

काकांचा चेहरा उतरला. "हलला असेल," ते म्हणाले.

आता चार वर्षं त्या चौथऱ्यावर बसून कधी न हललेला माणूस, त्याने भांडायला हवं होतं. भांडले नाहीत, त्याला कारण होतं. ते कारण वर्गात कोणालाच ठाऊक नव्हतं.

काकांनी एकतीस वर्षं एका फोटो स्टुडिओच्या डार्करूममध्ये काढली होती. सकाळी नऊला आत, संध्याकाळी सातला बाहेर. खिडकी नाही, एक लाल दिवा, तीन ट्रे आणि वाळत घातलेले फोटो. परिसरातले निम्मे चेहरे त्यांनी ट्रेमधल्या पाण्यात हळूहळू उमटताना पाहिले होते. त्यांना मात्र कोणी पाहिलं नव्हतं, गिऱ्हाईक काउंटरवरूनच माघारी जाई. पुढे फोटो धुवायची गरजच संपली, स्टुडिओला कुलूप लागलं आणि जुन्या ओळखीच्या मॅडमनी "एक दिवस बसाल का हो?" म्हणून विचारलं. काका एक दिवस बसले आणि बसतच राहिले. जन्मभर अंधारात काम केलेल्या माणसाकडे वीस जण टक लावून बघतात, ही चैन त्यांना सोडवेना.

"आज एका मुलीने दोन तास माझा नुसता कान काढला," त्यांनी एकदा घरी येऊन काकूंना सांगितलं.

"मी तीस वर्षं बघतेय तो कान," काकू म्हणाल्या. "कशालाच उपयोगी पडत नाही."

अशा माणसाच्या पायांना पाच महिन्यांपूर्वी काहीतरी झालं. दुखत नव्हतं, खाजत नव्हतं. दिवस कलला आणि स्वस्थ बसलं, की पोटरीच्या आत कोणीतरी सोड्याची बाटली उघडल्यासारखं व्हायचं. पाय झटकला, चार पावलं चाललं, की गायब. पुन्हा बसलं, की पुन्हा हजर. दोन्ही पायांना व्हायचं, पण पुढाकार डाव्याचा. स्वस्थ बसणं हाच ज्याचा धंदा, त्याने हे सांगायचं कोणाला? काका चौथऱ्यावर दातओठ खाऊन पाय दाबून धरत. अंथरुणात मात्र त्यांचा इलाज चालत नसे.

"अहो, रात्रभर सायकल चालवता, पोचता तरी कुठे?" काकू सकाळी विचारत. "डॉक्टरांना दाखवा."

"बघू."

पाय आपल्या हुकमात आहे, एवढ्या एका गोष्टीवर काकांचा सगळा डोलारा उभा होता. त्यामुळे मॅडम "हललाय" म्हणाल्या तेव्हा त्यांना वाटलं, आता हा आपल्याला न विचारताच हलायला लागला. त्यात निघताना मॅडमनी दारात थांबवलं. "पुढच्या पोझला दुसरं कोणी बघू का? तुम्हाला उगाच त्रास नको."

बोलणं मायेचंच होतं, पण काकांना घरी पोचेपर्यंत ते पुरलं. दुसऱ्या दिवशी ते स्वतःहून डॉक्टरकडे निघाले, तेव्हा काकूंना आधी भीतीच वाटली, मग त्याही बरोबर निघाल्या.

डॉक्टरांनी तीनच प्रश्न विचारले. बसल्यावर होतं का? संध्याकाळनंतर वाढतं का? चाललं की थांबतं का?

"तुम्ही पोटरीत जाऊन आलात काय?" काकांनी विचारलं.

"याला नाव आहे काका. रेस्टलेस लेग्ज. पुष्कळांना असतं."

पाच महिने ज्याला ते आपलीच खासगी भानगड समजत होते, त्याला चक्क नाव होतं! काका इतके खूश झाले, की त्यांनी ते दोनदा म्हणवून घेतलं.

"नाव काय, मीही ठेवलं असतं," काकू म्हणाल्या. "इलाज सांगा."

इलाजाआधी रक्त तपासायचं होतं. शरीरातलं लोह कमी असेल तर पाय असे वागतात, म्हणून आधी ते पाहिलं. ते ठीक निघालं. ड जीवनसत्त्व मात्र निघालं नऊ. निदान वीस तरी हवं होतं.

"उन्हात कधी जाता?"

"रस्ता ओलांडताना," काकांच्या वतीने काकूंनी सांगितलं.

काका पुढे सरकले. "म्हणजे ऊन नाही म्हणून पाय असे, बरोबर?"

"तसं छातीठोक नाही सांगता येत. ड कमी असलेल्यांत हा त्रास जास्त दिसतो, असं काही अभ्यासांत आढळलंय. ते भरून काढलं की पाय शांत होतीलच, याची खात्री कोणी देत नाही. पण कमी आहे ते भरायलाच हवं. आठवड्याला एक गोळी, आठ आठवडे."

"रोज एक दिली तर आठ दिवसांत उरकेल," काकू म्हणाल्या.

"काकू, तेही जास्त झालं तर बाधतं. आठवड्याला एकच. संध्याकाळचा चहा कमी करा, थोडं चालणं ठेवा. फरक नाही पडला तर दुसरी औषधं आहेत. मला विचारल्याशिवाय मनाने काही वाढवू नका."

काकांचं डोकं डार्करूमच्या वाटेने चालू लागलं. तिथे फोटो मोठा करायच्या आधी कागदाची एक अरुंद पट्टी घेत. तिच्या एका तुकड्याला पाच सेकंद उजेड द्यायचा, दुसऱ्याला दहा, तिसऱ्याला पंधरा. बाकी सगळं तेच. मग नेमकं काय जमलं ते डोळ्यांना दिसे. काकांनी ठरवलं, पहिला आठवडा नुसती गोळी, दुसऱ्यात चहा बंद, तिसऱ्यात ऊन आणि चालणं. रोज किती मिनिटांनी सोडा फसफसतो ते लिहायचं. वही आणली, रकाने आखले.

काकूंनी पहिल्याच दिवशी गोळी दिली, संध्याकाळचा चहा तोडला, सकाळी त्यांना उन्हात पिटाळलं आणि झोपताना पोटऱ्यांना तेल चोळलं.

"अगं, सगळं एकदम केलंस तर कशाने फरक पडला ते कळणार कसं?"

"फरक पडला तर कळून काय करायचंय?"

या प्रश्नाला काकांच्या वहीत रकाना नव्हता.

दहाव्या दिवशी प्रस्तुत लेखक त्यांच्या घरी गेला. दहा दिवस तो मूग गिळून होता. काका बसण्यापूर्वी पावलाकडे भीत भीत बघतात, हे पाहून त्याला अन्न गोड लागेना. काका गॅलरीत विजार गुडघ्यापर्यंत दुमडून उन्हात बसले होते.

"या चित्रकार. सावली पाडू नका, सरका."

"काका, ती रेघ मी पुसली होती. पाणी सांडलं. नवी काढली ती चुकली."

काकांनी डाव्या पायाकडे पाहिलं.

"म्हणजे हा हलला नव्हता?"

"नाही."

"मी धरला होता तो?"

"हो काका."

त्यांच्या चेहऱ्यावर हसू उमटलं, ट्रेमधल्या फोटोसारखं, कडेकडेने आधी. मग एकदम आठवण झाली. "गाढवा, दहा दिवस कुठे होतास?"

"त्याला बोलू नका," आतून काकू कडाडल्या. "पाच महिने मी घसा फोडला तेव्हा उठला नाहीत. तो चुकला म्हणून डॉक्टर तरी दिसला तुम्हाला!"

त्या संध्याकाळी दोघांनी मॅडमसमोर आपापला गुन्हा कबूल केला. लेखकाला महिनाभर चौथरा धुवायची शिक्षा झाली. काकांचं प्रकरण अवघड होतं.

"पाय तेव्हा हलला नव्हता, पण हलायला मागतो हे खरं," काका म्हणाले. "पाऊण तास नाही जमायचं. वीस मिनिटं बसतो, पाच मिनिटं फिरतो. चालेल?"

"मुलांची लय तुटते हो काका." मॅडमनी वर्गाकडे पाहिलं. "बरं, पोझ संपायला दीड आठवडा आहे. तेवढा बघू. नाही जमलं तर मग दुसरा माणूस बघावाच लागेल."

काकांनी डार्करूममधलं जुनं घड्याळ आणून चौथऱ्याच्या कडेला ठेवलं. सगळा वर्गच चौकशीला लागला. "काका, आता होतंय का? कसं होतंय? मुंग्यांसारखं?" काका फिरताना गुडघ्याखाली काय काय होतं ते रंगवून सांगत. मॅडमही त्या पाच मिनिटांत उठून कंबर सरळ करू लागल्या आणि याचं कारण कोणी विचारू नये अशा बेताने खिडकीबाहेर पाहू लागल्या.

वहीतले आकडे सरकत होते. पूर्वी आठव्या मिनिटाला उघडणारी बाटली आता कधी पंधराव्याला उघडे, कधी सोळाव्याला. मध्येच एक दिवस पुन्हा नवव्याला. काकांनी त्या दिवसापुढे प्रश्नचिन्ह काढलं. तीन गोळ्या पोटात गेल्या होत्या. पण श्रेय गोळीचं, उन्हाचं, तुटलेल्या चहाचं की तेलाचं, हे कोण सांगणार? काकूंना विचारलं तर त्या म्हणत, "माझं."

शेवटचा दिवस. शेवटची वीस मिनिटं. पेन्सिली धावत होत्या. घड्याळ अठराव्या मिनिटावर आलं आणि काकांच्या जबड्याचा स्नायू ताठ झाला. दातओठ खाल्ले तर दोन मिनिटं निघाली असती. पाच महिने त्यांनी तेच केलं होतं. काकांनी खुर्चीचे हात धरले आणि ते सगळ्यांदेखत उभे राहिले.

"मॅडम, पाय मागतोय. दाबून धरला असता, पण तसं आता करायचं नाही असं ठरवलंय."

पुढच्या पोझला दुसरा माणूस, हे काकांनी मनाशी धरूनच टाकलं होतं. मॅडम त्यांच्याकडे बघत राहिल्या. असा, खुर्चीच्या पाठीला हात टेकून किंचित कलून उभा असलेला माणूस त्यांनी चार वर्षांत पाहिला नव्हता.

"तसेच थांबा," त्या म्हणाल्या. "उभ्याने होतो का सोडा?"

"उभ्याने? एका पायावरून दुसऱ्यावर भार टाकला की नाही होत."

"मग पुढची पोझ उभ्याने. दहा दहा मिनिटांची. भार बदलायचा तेव्हा खुशाल बदला, मुलांना भराभर काढायची सवय तरी लागेल."

काका चौथऱ्यावरून उतरले आणि पुतळ्याला शोभणार नाही इतक्या जोरात हसले. मग लेखकाच्या बोर्डापाशी आले. चित्रात सगळं होतं, फक्त डाव्या पायाचा अंगठा व्हायचा होता.

"माझ्याकडे दोन मिनिटं निघतात तुझी."

"राहू देत काका."

"राहू देत कसं? सकाळी ये घरी. सकाळी हा माझं ऐकतो."

लेखक दोनदा सकाळी बोर्ड घेऊन गेला. दोन्ही वेळा दार काकूंनी उघडलं. काका उन्हात फिरायला गेले होते, आणि हल्ली, काकू म्हणाल्या, ते लवकर परत येत नाहीत.